चांदोलीचे ढग आणि वारणेचे पाणी

आम्ही सांगलीकर सुट्टी लागली की कोकणातल्या किनाऱ्यांकडे निघतो. परंतु त्या समुद्रावरून उठलेले ढग जिथे रिते होतात, ते चांदोली राष्ट्रीय उद्यान शिराळा तालुक्याला लागूनच असताना त्याकडे पाठ फिरवू नये, असे मला मनापासून वाटते. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले हे जंगल २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले.

पाऊस ओसरल्यावर आम्ही मणदूरमार्गे आत गेलो. जांभूळ, अंजन आणि हिरड्याच्या दाट सावलीतून झोळंबीच्या सड्यावर पोहोचताच जांभ्या दगडाचे उघडे पठार समोर येते. माती इतकी पातळ, की मोठे झाड रुजतच नाही. वाटेत उठवलेल्या गावांची जोती दिसली. या जंगलासाठी घरे सोडून गेलेल्या माणसांची आठवण इथे येणाऱ्या प्रत्येकाने ठेवायला हवी.

अरबी समुद्राचे बाष्प सह्याद्रीच्या कड्यांवर चढताना थंड होते आणि इथे धो-धो कोसळते, मात्र ते पाणी पश्चिमेच्या समुद्राकडे न परतता वारणेतून पूर्वेला वळते, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते. आपल्या भागातल्या उसाला आणि घागरींना मिळणारे बरेचसे पाणी या झाडांखालूनच आलेले असते.

पावसाळ्यात उद्यान बंद असते. त्यामुळे हिवाळ्यात जावे, आणि स्थानिक वाटाड्या आवर्जून सोबत घ्यावा.