तुम्ही विचारलंत म्हणून: 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' मी अजून का पाहतो

"सर, तुमी नाटकातले माणूस, अन् असा मारकाटीचा पिक्चर कायले पाहता?" गडचिरोली जिल्ह्यात वडशाकडे तालमीला बसलो की कुणी ना कुणी हे विचारतंच. तो पिक्चर म्हणजे क्वेंटिन टॅरंटिनोचा 1992 चा 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'. काळ्या सुटातले लोक, एकमेकांची खरी नावंही माहीत नसलेले, हिऱ्यांवर दरोडा घालायला जातात. पोलीस आधीच दबा धरून असतात. जे वाचतात ते एका गोदामात जमतात आणि आपल्यात फितूर कोण, यावरून एकमेकांच्या उरावर बसतात.

नाटकातला आहे म्हणूनच पाहतो, हे माझं उत्तर.

या चित्रपटात दरोडाच दाखवलेला नाही. जो येतो तो आपापल्या परीनं सांगतो: गोळी आधी कुणी झाडली, कोण मेला, कोण पळाला. आणि जे अगदी तपशिलासकट दाखवलंय, ते घडलेलंच नाही. मिस्टर ऑरेंज हा टोळीत घुसलेला पोलीस. टोळीचा विश्वास बसावा म्हणून त्याला एक बनावट किस्सा लिहून दिला जातो: जवळ गांजा असताना स्वच्छतागृहात पोलीस आणि त्यांचा कुत्रा समोर आल्याचा. त्याला तयार करणारा पोलीस बजावतो, महत्त्वाचं तेवढं पाठ कर, बाकी तुझ्या तोंडचं येऊ दे. पण तिथं हात पुसायला कागद होते की वाऱ्याचं मशीन, साबण कसला, हे तुला ठाऊक हवं. मग ऑरेंज खोलीत येरझारा घालत किस्सा म्हणतो, अडखळतो. मग भिंतीपुढं उभा राहून म्हणतो. मग बारमध्ये, टोळीपुढं. आणि एकाएकी आपण त्या किश्श्याच्या आत असतो. कुत्रा भुंकतोय, हात वाळवायचं मशीन घरघरतंय. खोटं डोळ्यांना दिसायला लागतं!

नटाचं काम याहून नेमकं मी कुठं पाहिलेलं नाही. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या मुलखात, दिवाळीनंतर हंगाम लागला की आज या गावात, उद्या त्या गावात. तालमी मोजक्या, भिस्त प्रॉम्प्टरवर. शब्द प्रॉम्प्टर देईल. साबण कसला होता ते नटानंच ठरवायचं. नव्या पोरांना मी हेच विचारतो: बापाच्या मयतावरून आलास ना गा, मग पायात चप्पल होती का ते सांग.

आता रक्ताचं. टोळीतला एक जण धरून आणलेल्या पोलिसाचा कान कापतो, त्या प्रसंगानं हा चित्रपट बदनाम झाला. ऐन कापताना कॅमेरा भिंतीकडे सरकतो. ऐकू येतं ते गाणं आणि दबलेलं ओरडणं. कापलेला कान नंतर हातात दिसतो. तरी कापताना पाहिलं म्हणून शपथेवर सांगणारे मला भेटलेत.

आणि ऑरेंजच्या पोटातली गोळी. एरवी सिनेमात गोळी लागली की माणूस एक वाक्य बोलून मान टाकतो. इथं गोदामात तो जवळपास सगळा वेळ जमिनीवर पडून आहे, सदरा लाल, खालचं थारोळं वाढत चाललंय, आणि दवाखान्यात न्यायचं का नाही यावर बाकीच्यांची बाचाबाची. आपल्या भागात हे पाहिलेलं आहे. बाजेवर माणूस कण्हतोय, गाडी अजून फाट्यावरून यायचीय, आणि ओसरीत पोलीस केस होईल का याची चर्चा. मारण्याची मजा दाखवणारे चित्रपट मला दुसऱ्यांदा बघवत नाहीत. हा बघवतो, कारण इथं जखमेला वेळ दिलाय.

राहता राहिला शेवट. टोळीतल्या ज्या मिस्टर व्हाइटनं ऑरेंजपायी स्वतःच्या जुन्या साथीदारांवर पिस्तूल रोखलं, त्याला ऑरेंज आपण पोलीस असल्याचं खरं सांगून टाकतो. न सांगताही निभावलं असतं, पोलीस दाराशी आलेले आहेत. तरी सांगतो. का, यावर आमच्या मंडळात अजून वाद होतात. माझं मत असं, की इतका वेळ वठवलेलं सोंग त्या एका माणसापुढे त्याला आणखी पेलवत नाही. तुम्ही पाहा, पोरं झोपल्यावर पाहा, आणि तुमचं मत काय पडतं ते मला कळवा.