कुतानीची फुलदाणी: रंग विरघळतात कसे

आज दिवसभर डोळ्यांसमोर जपानी कुंभार तिसरे तोकुदा यासोकिची (1933–2009) यांची फुलदाणी; हे नाव घराण्यात पिढीजात चालत येतं. मानेशी गडद निळा, मग हिरवा, खाली पिवळा. एक रंग कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो, बोट ठेवून दाखवता येत नाही.

हा रंग फवारण्याचा खेळ नव्हे. जपानच्या इशिकावा भागातली कुतानी भांडी जाड, काचेसारख्या रंगांसाठी प्रसिद्ध. तांब्याचा हिरवा, लोहाचा पिवळा, मँगनीजचा जांभळा, कोबाल्टचा निळा. पाचवा लाल मात्र इथे बाद! तो पारदर्शक काच होतच नाही, पृष्ठभागावर नुसता बसून राहतो, मग शेजाऱ्यात मिसळणार कसा?

आधी पांढरं पोर्सिलेन उच्च तापमानाला भाजून घ्यायचं. त्यावर जवळजवळच्या छटांचे पट्टे ब्रशने शेजारी शेजारी लावायचे. नेहमीच्या कुतानी रंगांना 800 अंशांच्या आसपासची भट्टी पुरते. यासोकिचींनी ती 1000 च्या वर नेली. तिथे पट्टे वितळून एकमेकांत शिरतात.

गोम अशी की कच्चे रंग भाजल्यावरच्या रंगांसारखे दिसतच नाहीत. सगळा हिशेब डोक्यात. थर जाड झाला तर उभ्या भांड्यावरून ओघळतो, नाहीतर थंड होताना आकुंचन न जुळल्याने तडकतो. आणि रंगाखालच्या पोर्सिलेनवर खडा किंवा टाचणीएवढं छिद्र राहिलं, की पारदर्शक रंग ते झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणतो. म्हणून पोर्सिलेन घासून गुळगुळीत करण्याला पर्याय नाही.

1997 मध्ये त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा जपान सरकारचा मान मिळाला. आता चौथ्या यासोकिची त्यांच्या कन्या आहेत.