साडेसहानंतर सुरू होणारा दिवस

परवा फोनवर मावशीने विचारलं, "तुझ्या भावाला तुझ्यासारखं इन्व्हेस्टमेंट बँकेतच यायचंय म्हणे. पण इतके तास तुम्ही नेमकं करता काय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

लंडनमधल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत ॲनालिस्ट म्हणून माझं हे दुसरं वर्ष. आमच्या विभागात ठेवी नाहीत, खाती नाहीत. एखाद्या कंपनीला दुसरी कंपनी विकत घ्यायची असते, स्वतःला विकायचं असतं किंवा भांडवल उभारायचं असतं, त्यात आम्ही सल्ला देतो. ॲनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर अशी शिडी आहे. मी सगळ्यात खालच्या पायरीवर.

वरचे लोक दिवसभर ग्राहकांच्या भेटीगाठींत असतात. आमचा मसुदा ते संध्याकाळी वाचतात आणि साडेसहा-सातला लाल पेनाने रंगवलेली पानं परत येतात. मग मी दुरुस्त्या करते, असोसिएट तपासतो, पुन्हा दुरुस्त्या होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक असली तर रात्रीचे दोन सहज वाजतात. म्हणजे हे सगळे तास कामाचे नसतात, त्यातले बरेच वाट पाहण्याचे असतात. दुपारी तीनला हात रिकामे असले तरी जागा सोडता येत नाही. मला कामापेक्षा त्या थांबण्यानेच जास्त थकवा येतो.

काम मुख्यतः एक्सेल आणि पॉवरपॉइंटचं. सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘कॉम्प्स’मध्ये, म्हणजे एकाच धंद्यातल्या कंपन्या शेजारी शेजारी मांडून बाजार त्यांना काय भाव देतोय ते पाहण्यात. समभागांचं बाजारमूल्य घ्यायचं, त्यात कर्ज मिळवायचं, हातातली रोकड वजा करायची. त्या रकमेला इबिटडाने, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीच्या नफ्याने भागायचं. उत्तर जितकं लहान, तितकी कंपनी स्वस्त. गणित शाळेतलं आहे. अवघड असतं ते प्रत्येक आकडा कुठून आला हे दाखवणं. वार्षिक अहवालाची प्रत काढून मी एकेका आकड्यावर पेनाने खूण करते.

पहिल्याच वर्षी माझी एक मोठी चूक झाली. दुकानांची साखळी चालवणाऱ्या काही युरोपियन आणि काही अमेरिकन कंपन्यांची तुलना होती. रात्री अकराला असोसिएटने विचारलं, "या युरोपियन कंपन्या इतक्या स्वस्त का दिसतायत?" मला उत्तर देता आलं नाही. आयएफआरएस १६ हा हिशेबाचा नियम २०१९पासून लागू आहे. तो पाळणाऱ्या, म्हणजे या युरोपियन, कंपन्यांमध्ये दुकानांचं भाडं बहुतेक घसारा आणि व्याज यांत मोडतं, त्यामुळे इबिटडा वाढतो आणि भाडेकरारांचं देणं ताळेबंदात येतं. अमेरिकन नियमांत साध्या भाडेकरारांचं भाडं अजून खर्चातच धरतात. मी वाढलेला इबिटडा घेतला होता, पण ते देणं कर्जात धरलंच नव्हतं. सगळा तक्ता रात्रीत नव्याने केला. सकाळी तेच पान ग्राहकासमोर गेलं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तेव्हापासून मी अहवाल शेवटाकडून, म्हणजे हिशेबाचे तपशील असलेल्या टिपांपासून वाचायला घेते.

घरच्यांना सांगता येत नाही तो भागही मोठा आहे. प्रत्येक सौद्याला टोपणनाव असतं, लिफ्टमध्येसुद्धा कंपनीचं खरं नाव घ्यायचं नाही. शेअर बाजारातली कंपनी असेल तर ‘इनसायडर लिस्ट’वर, म्हणजे अजून जाहीर न झालेली माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांच्या यादीत, माझं नाव चढतं. ती माहिती वापरून कोणी शेअर घेतले किंवा विकले तर तो गुन्हा आहे. त्यामुळे बाबा विचारतात, "सध्या काय चाललंय?" आणि मी म्हणते, "चाललंय." सहा महिने ज्यावर जागले त्या सौद्याची बातमी एका सकाळी जाहीर झाली, तेव्हा सगळ्यात आधी बाबांना फोन लावला.

तासांबद्दल मावशीने ऐकलंय ते खोटं नाही. २०२१मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेतल्या पहिल्या वर्षाच्या १३ ॲनालिस्टनी केलेली पाहणी बाहेर आली. त्यात आठवड्याला सरासरी ९५ तास काम आणि रात्रीची पाच तास झोप असं होतं. आठवडा ८० तासांवर थांबावा, ही त्यांची मागणी होती. २०२४मध्ये जेपी मॉर्गन या दुसऱ्या अमेरिकन बँकेने बहुतेक वेळा लागू होणारी ८० तासांची मर्यादा आणली. ८० तास म्हणजे सातही दिवस रोज जवळजवळ साडेअकरा तास. याला दिलासा म्हणावं लागतं, हे मला पटत नाही. एवढ्या जागरणानंतर माणसाकडून आकडे चुकणारच, आणि आमचं काम तर आकडे न चुकवण्याचं.

तरी मी इथे आहे, कारण एखाद्या धंद्यात पैसा कुठून येतो आणि कुठे अडकतो हे इतक्या जवळून मला दुसरीकडे कुठे दिसलं नसतं.

मावशी, त्याला आत्ता एवढंच सांग. कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल घे आणि शेवटच्या टिपा वाच. दोन तासांनंतरही पुढचं पान उलटावंसं वाटलं तर मला फोन कर. चालू सौदा नसेल तर शनिवारी दुपारी मी मोकळी असते.