तुम्ही विचारलंत म्हणून: टीशर्टवर नुसती रेघच का?

‘नदी वाचवा, झाडं लावा असं काही लिहीत का नाही? नुसती मातकट रेघ कसली?’ प्रदर्शनात माझ्या टीशर्टच्या टेबलापाशी थांबणारा दर तिसरा माणूस हे विचारतो. उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून आज बसून लिहितोय.

आधी मी लिहीत होतो. माझा पहिला टीशर्ट पांढरा होता. त्यावर हिरवा थेंब, थेंबात पान आणि खाली ‘पंचगंगा वाचवा’. २०२१ च्या जुलैत पूर उतरल्यावर आम्ही काही मित्र कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीकडं चिखल उपसायला गेलो, तेव्हा तोच अंगात होता. एका घरात फावड्यानं गाळ ओढत होतो. घरातल्या मावशी भिजलेल्या गोधड्या बाहेर टाकत होत्या. माझ्या छातीवरची अक्षरं त्यांनी सावकाश वाचली आणि म्हणाल्या, ‘न्हदी वाचवा म्हंतोस व्हय? आणि आमास्नी न्हदीपास्नं कोण वाचवायचं?’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी मला भिंतीपाशी नेलं. तिथं खिळ्यानं कोरलेली एक आडवी रेघ होती, बरोबर त्यांच्या गळ्याच्या हाडापाशी येणारी. २०१९ च्या पुराची. तिच्या वीतभर वर, नाकाच्या उंचीला, नव्या पाण्यानं ओल्या गाळाचा पट्टा सोडला होता. ‘ही अजून कोरायची हाय,’ एवढंच म्हणून त्या गोधड्यांकडं वळल्या.

घरी आल्यावर तो टीशर्ट मी पुन्हा घातला नाही. ‘वाचवा’ हा शब्द कुणाला उद्देशून आहे, हेच मला सांगता येईना. नदीपात्राकडं पाठ करून पूररेषेत भराव टाकणाऱ्याला? मैलापाणी थेट नदीत सोडणाऱ्याला? ते टीशर्ट वाचून थांबणार नाहीत. आणि ज्यांच्या घरात पाणी शिरतं, त्यांना ‘वाचवा’ म्हणून सांगणारा मी कोण?

म्हणून रेघ. कॉलरच्या खाली, गळ्याच्या हाडापाशी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. खाली बारीक अक्षरात फक्त ‘राजाराम बंधारा, ५५ फूट ७ इंच, २०१९’. पंचगंगेचं पाणी किती चढलं ते या बंधाऱ्यावर मोजतात, त्यामुळं कोल्हापूरच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. जुलै लागला की इथं ‘जेवलास का’च्या आधी ‘बंधाऱ्याला किती झालं?’ विचारतात. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. गावाबाहेरचा माणूस मात्र थांबून विचारतो, ‘ही कसली रेघ?’ मग घालणाऱ्याला बोलावं लागतं. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांचं पाणी एकदम कसं येतं, कुठल्या गल्लीत होड्या चालल्या, आपल्या घरात कुठवर चढलं. प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघते, आणि ती मी छापून देऊ शकलो नसतो. शिवाय छातीवर आपली ओळख मिरवायची या गावाला आधीपासून सवय आहे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की कोण कुठल्या तालमीचा ते जर्सीवरूनच कळतं.

रेघेचा रंग निळा का नाही, असंही विचारतात. पुराचं पाणी निळं नसतं.

आता कापड. इचलकरंजी तासाभरावर असताना तिरुपूरचं कापड का आणता, हा याला जोडून येणारा प्रश्न. इचलकरंजीच्या मागांवर ताण्या-बाण्याचं कापड विणतात. टीशर्टला ताणलं जाणारं होजिअरीचं कापड लागतं आणि त्याचं देशातलं मोठं केंद्र तिरुपूर आहे. तिथून नोय्यल नावाची नदी वाहते. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यानं तिची इतकी दशा झाली, की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांडपाणी बाहेर सोडणं पूर्ण थांबेपर्यंत तिथली डाइंग आणि ब्लीचिंग युनिट्स बंद करायचा आदेश दिला. हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर काळ्या टीशर्टचा गठ्ठा होता. पंचगंगेची रेघ छापायची आणि तिच्याखालचा काळा रंग दुसऱ्या कुठल्या नदीत धुतला गेलाय ते विचारायचंही नाही, हे मला जमेना.

तेव्हापासून कापड न रंगवलेलं, ब्लीचही न केलेलं घेतो, १८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं. रंग सायीसारखा असतो आणि त्यात सरकीच्या टरफलाचे बारीक तपकिरी ठिपके दिसतात. तो डाग नाही, कापूस आहे. याचा अर्थ माझा टीशर्ट निर्दोष आहे असा नाही. एका सुती टीशर्टमागं कापसाच्या शेतापासून धरलं तर सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज सांगितला जातो. म्हणून साठा करून ठेवत नाही. नोंदणी झाली तेवढेच छापतो, आणि त्यासाठी थांबायला लागतं.

शाई पाण्याच्या बेसची वापरतो. बाजारात सर्रास चालणारी प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसी, प्लास्टिकच. ती स्क्रीनवर, म्हणजे छपाईच्या जाळीवर, सुकत नाही, त्यामुळं छापणाऱ्याला निवांत असते. पाण्याची शाई एप्रिलच्या उन्हात दहा-बारा टीशर्ट झाले की जाळीत सुकते आणि स्क्रीन चोक होते. मग थांबून पुसा, पुन्हा स्क्विजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, ओढा. पण ती कापडात मुरते, पापुद्र्यासारखी निघत नाही.

दुसरं डिझाइन दाजीपूरच्या गव्याचं आहे. अभयारण्याच्या जुन्या नावात ‘बायसन’ होतं, म्हणून मी तो शब्द शोधून पहिलं चित्र काढलं. केसाळ डोकं, हनुवटीला दाढी. राधानगरीच्या एका वनमजुराला दाखवलं, तर तो म्हणाला, ‘ह्यो आपला न्हवं.’ तो अमेरिकेतला प्राणी होता. आपल्या गव्याला दाढी नसते, अंग तुळतुळीत काळसर, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. सगळी स्क्रीन पुन्हा केली. जो प्राणी आपल्यापासून दोन तासांवर चरतो तो चुकीचा काढला, तर त्याच्याबद्दल कळकळ आहे असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

आणि कोल्हापुरात हुडी कशाला? पन्हाळ्याला पहाटे गाडीवरून जाणारे घेतात, हॉस्टेलची मुलं घेतात, तेही डिसेंबर-जानेवारीपुरतं. ती पूर्ण सुती असते, कारण पॉलिस्टरच्या फ्लीसमधून प्रत्येक धुण्यात प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात. पण हुडी काढायचं खरं कारण वेगळं आहे. पुराच्या पुढच्या वर्षी चिखलीच्या त्या मावशींना रेघेचा टीशर्ट नेऊन दिला. त्यांनी तो अंगाला लावून पाहिला, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘ही पयली. दुसरी कुटं हाय?’ २०२१ चं पाणी बंधाऱ्याला ५६ फूट ३ इंच होतं. आठ इंच जास्त. टीशर्टवर तेवढी जागाच नाही. हुडीची टोपी डोक्यावर ओढली, की तिच्यावरची ही दुसरी रेघ कानांवरून जाते आणि पुढं बरोबर नाकाच्या उंचीला येते.