दोन चौरस फुटांचा तळ

मत्स्यालयांच्या देखभालीच्या व्यवसायात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे टाकीत मासे किती सोडावेत, आणि त्याचे उत्तर बहुतेक जण लिटरमध्ये मागतात. वरच्या आणि मधल्या थरात फिरणाऱ्या माशांपुरता तो हिशेब काही अंशी चालतो. तळाशी राहणाऱ्या माशांच्या बाबतीत तो किती फसवा असतो, हे मे महिन्यात ठाण्यातल्या एका घरी जितके स्पष्ट दिसले, तितके मला क्वचितच दिसले आहे.

घरमालक नगररचना खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे सुमारे ११३ लिटरची होती. तळ रिकामा दिसतो आणि खाली घाण साठते, तेव्हा सफाई करणारे दहा-बारा मासे आणून द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. शंभर लिटरला वीस लहान मासे सहज चालतात, असे त्यांना दुकानात सांगण्यात आले होते.

मी काही न बोलता टाकीसमोर बसलो. रंगीत प्लास्टिकचा किल्ला आणि लाकडाचा मोठा ओंडका यांनी तळाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला होता. किल्ल्याच्या आडून एक ब्राँझ कोरी, म्हणजे तळाशी चरणारा मिशाळ छोटा मासा, सरळ वर जाई, पृष्ठभागावरची हवा गिळून खाली परते आणि काही क्षणांत पुन्हा वर निघे. हवा गिळून आतड्यातून प्राणवायू शोषण्याची सोय कोरींना निसर्गतःच असते, त्यामुळे अधूनमधून असे करणे नेहमीचेच आहे. परंतु ही धावपळ थांबत नव्हती. पाण्याचे तापमान ३१ अंश होते आणि पाणी जितके गरम तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. शिवाय चौकोनी टाकीत पृष्ठभाग तळाएवढाच असतो, म्हणजे या ११३ लिटर पाण्याला हवेशी देवाणघेवाण करायला अवघे दोन चौरस फूट मिळत होते. नायट्रेटच्या चाचणीचा रंग ८० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ८० भाग) खुणेशी जुळला, तर त्यांच्या नळाच्या पाण्यात नायट्रेट जवळपास आढळलेच नाही, म्हणजे ते टाकीतल्या घाणीतूनच साठले होते.

मग मी किल्ला आणि ओंडका बाहेर काढला. ‘रिकाम्या’ तळावर चौदा मासे निघाले: चार सकर, त्यांतले दोन वीतभर लांबीचे, तीन क्लाउन लोच, एक रेड टेल शार्क, दोन पांडा कोरी, दोन ब्राँझ आणि दोन अल्बिनो. गृहस्थ अवाक झाले. इतके मासे वर्षभरात थोडेथोडे करून आपणच आणल्याचे त्यांना आठवले, पण दिसत नाहीत म्हणजे मेले असावेत, असा त्यांनी समज करून घेतला होता.

ते दिसत नव्हते, कारण जागा रेड टेल शार्कने बळकावली होती. हा मासा आपला कोपरा ठरवतो आणि तळाशी येणाऱ्या प्रत्येकाला पिटाळतो. अशा टाकीत आणखी बारा मासे सोडले असते, तर तेही किल्ल्यातच दाटीवाटीने बसले असते आणि तळ पूर्वीइतकाच रिकामा दिसला असता.

“म्हणजे प्लॉट मोजायचा, मजले नाही,” ते म्हणाले. त्यांच्या खात्याच्या भाषेत याहून नेमके सांगता आले नसते. टाकीची उंची दुप्पट केल्याने पाणी दुप्पट होते, तळ मात्र तेवढाच राहतो. तेच ११३ लिटर चार फूट लांब आणि फूटभर उंच टाकीत भरले, तर तळ दुप्पट मिळतो. त्यातूनही ओंडक्याखालची जागा वजा करावी लागते, कारण कोरीला चरण्यासाठी मोकळी वाळू लागते.

सफाईचा प्रश्न मात्र वेगळाच होता. तळाचे मासे विष्ठा खात नाहीत. ते उरलेले अन्न खातात आणि स्वतःची विष्ठा त्यात भर घालतात. सकर लहानपणी काचेवरचे शेवाळ खरवडतो, पण तो फूटभर किंवा त्याहून मोठा होतो आणि त्या मानाने घाणही करतो. क्लाउन लोचही फूटभर वाढू शकतो आणि त्याला आपल्या जातीची सोबत लागते. या दोहोंचा त्या टाकीतला योग्य आकडा शून्य होता.

सकर उपवन तलावात सोडावेत का, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी ठाम नकार दिला. दक्षिण अमेरिकेतला हा मासा असाच सोडला गेल्याने आपल्या नद्या-तलावांत पसरला आहे आणि उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही येतो. त्यांना हवे असलेले झेब्रा लोचही मी नाकारले. पट्ट्यापट्ट्यांचा हा देखणा मासा पश्चिम घाटातला, कृष्णेच्या खोऱ्यातला आहे आणि आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे. नदीतून पकडलेले मासे शोभेसाठी विकत घेणे मला पटत नाही. कुर्ल्याच्या बाजारात इतर मासे मुबलक मिळतात.

कोरींच्या बाबतीत निर्णय सोपा होता, कारण अल्बिनो हा ब्राँझचाच रंगहीन प्रकार असल्याने ते चौघे एकाच कळपाचे धरता येतात. पांडाला थंड पाणी मानवते, त्यामुळे ठाण्याच्या उन्हाळ्यात त्यांना ठेवणे योग्य नव्हते. कोरींना किमान सहांचा कळप लागतो. मोकळा तळ पाहून मी आठांवर थांबण्याचे ठरवले. बाकीचे दहा मासे मोठ्या आणि थंड टाक्या असलेल्या दोन हौशी ग्राहकांकडे गेले. कोरीच्या परांचे काटे जाळीत अडकतात म्हणून पांडा मी प्लास्टिकच्या मगाने काढले. धारदार खडीमुळे कोरींच्या मिशा झिजल्या होत्या, म्हणून खडीऐवजी धुतलेली बारीक वाळू घातली, किल्ला बाहेर ठेवला आणि स्पंज फिल्टर जोडला. नवे चार ब्राँझ मात्र नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आल्यावरच, आधी वेगळ्या टाकीत ठेवून, मग सोडले. दिवा मालवल्यानंतर तळाला जाणाऱ्या गोळ्या मोजून टाकायच्या आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे, एवढे काम घरच्यांकडे राहिले.

आठही कोरी आता दिवसाउजेडी वाळूवर फिरतात, तरी गृहस्थांना आकडा कमीच वाटतो. चार फुटी टाकी घेतली तर किती मासे ठेवता येतील, असे त्यांनी नुकतेच विचारले. दोन जातींचे आठ-आठ ठेवता येतील, पण मी एकाच जातीचे पंधरा सुचवले आहेत. त्यांची पत्नी म्हणते, आधी टाकी ठेवायला भिंत दाखवा.