दहा नंबरचा पाना

संध्याकाळी पावणेसहाला शॅडो बोर्डवर, म्हणजे प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेल्या फळीवर, एक जागा रिकामी राहिली. दहा मिलिमीटरचा रिंग पाना नव्हता, रंगवलेली त्याची आकृती तेवढी दिसत होती. मिग-२१ बायसनचं इंजिन बदलून झालं होतं, शेपटी जोडून झाली होती आणि विमान ग्राउंड रनसाठी, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून पाहण्यासाठी, बाहेर ओढायला ट्रॅक्टर दाराशी येऊन उभा होता. ट्रॅक्टर रिकामाच परत गेला.

हवाई दलात या बाबतीत वाद नसतो. हरवलेलं हत्यार, म्हणजे अवजार, मिळेपर्यंत विमान उडत नाही आणि ग्राउंड रनही होत नाही. फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद पडते आणि विमान तिथेच थांबतं. वॉरंट ऑफिसर साहेब एवढंच म्हणाले, "गिनती फिर से." तीनदा मोजणी झाली. तिन्ही वेळा एक पाना कमीच.

इंजिन बदलायचं कारण तसं किरकोळ होतं. बोरस्कोपच्या, म्हणजे इंजिनात घालून पाहायच्या बारीक नळीच्या, तपासणीत कॉम्प्रेसरच्या पात्याला खाच दिसली होती, बहुधा धावपट्टीवरच्या खड्याने पडलेली. मिग-२१च्या तोंडातून आत गेलेली वस्तू सरळ कॉम्प्रेसरवर आदळते. या विमानाच्या आर-२५ इंजिनात पहिल्या फिरत्या पात्यांपुढे स्थिर पात्यांची जाळी नाही, त्यामुळे पहिला मार त्या पात्यांनाच बसतो. खाच उथळ आणि टोकाकडे असेल तर कानशीने घासून गोल करता येते. मर्यादेपेक्षा खोल असेल किंवा बुडख्याकडे असेल तर घासत बसण्यात अर्थ नसतो. तिथे ताण सर्वांत जास्त असतो आणि खाचेच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो. आमची खाच बुडख्याकडे होती.

या विमानाचं इंजिन वरून किंवा खालून निघत नाही, ते मागून निघतं. पंखांच्या मागच्या कडेजवळ धडाचा एक सांधा आहे. तिथून मागचा सगळा भाग, म्हणजे आफ्टरबर्नरच्या (झोतात जादा इंधन जाळून रेटा वाढवणाऱ्या भागाच्या) नळीभोवतीचं कवच, उभी फिन आणि नाक वर-खाली करणारा आडवा स्टॅबिलेटर, एकसंध सुटतो. आधी स्टॅबिलेटरचे कंट्रोल रॉड सोडायचे, मग हायड्रॉलिक नळ्या, मग विजेचे प्लग आणि शेवटी सांध्याचे बोल्ट. शेपटी ट्रॉलीवर घेऊन सावकाश सरळ मागे ओढायची. जरा तिरकी झाली तर आतला पाइप घासतो. मग सुमारे बाराशे किलोचं इंजिन दुसऱ्या ट्रॉलीवर बाहेर. जोडताना हाच क्रम उलटा. सरावलेल्या टोळीला जेमतेम एक पाळी लागते. पन्नासच्या दशकात आखलेल्या विमानाला ही सोय होती म्हणूनच ते इतकी वर्षं साध्या हँगरमध्ये, साध्या हत्यारांवर टिकलं, असं मला वाटतं.

जागा मात्र नाही. धडाचा व्यास सव्वा मीटरच्या आसपास, इंजिनाचा नव्वद सेंटिमीटर. उरलं वीतभरही नाही, आणि त्यातच फ्रेम, नळ्या, वायरींचे जुडगे आणि उष्णतारोधक पत्रा. मनगट आत गेलं की डोळ्यांना काही दिसत नाही, काम बोटांच्या अंदाजाने चालतं. नळ्या सोडल्यावर उरलेलं एएमजी-१० ठिबकतच राहतं. लाल रंगाचं हे हायड्रॉलिक तेल पातळ असतं आणि कुठेही झिरपतं. म्हणून नळ्या जोडणाऱ्याच्या एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात फडकं असतं.

शोध विमानाबाहेरून सुरू झाला. डांगऱ्यांचे खिसे, तेलाचे ट्रे, कचऱ्याचे डबे, दोन्ही ट्रॉल्यांच्या चौकटी, ट्रॅक्टरची केबिन. काढलेलं इंजिन पेटीत बांधून पाठवायच्या तयारीत होतं. तेही उघडलं आणि गिअरबॉक्सच्या खालच्या खोबणीपर्यंत आरसा घालून पाहिलं. पाना नव्हता.

मग विमान, नाकापासून. मिग-२१च्या तोंडात पुढेमागे सरकणारा शंकू असतो, त्याच्या पोटात रडार. शंकू आणि कडेच्या मध्ये फट फार तर हात जाईल एवढी. हवेचा मार्ग कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी फुटून इंजिनापुढे पुन्हा एक होतो. शिवाय बाजूला छोटी दारं असतात. उड्डाणाच्या वेळी वेग कमी आणि इंजिनाची भूक मोठी, तेव्हा ती आत ओढली जाऊन उघडतात आणि जादा हवा आत घेतात. जवळ पडलेली चिंधीसुद्धा त्यातून आत जाऊ शकते. दारं एकेक करून हाताने दाबली, टॉर्च मारला. आत स्वच्छ होतं.

त्यानंतर चौघांनी पंखांची टोकं धरून विमान डोलवलं आणि दोघं धडाला कान लावून बसले. सुटी वस्तू असेल तर खुळखुळते. आवाज आला नाही. लांब दांडीचं चुंबक पॅनेलांच्या भोकांतून फिरवलं, त्याला एक जुना वॉशर चिकटून आला. तो कोणत्या सालचा, देव जाणे. त्या एअरफ्रेमवर ओझरच्या कारखान्याची पाटी होती. १९६४ साली उभ्या राहिलेल्या नाशिकच्या त्या कारखान्यात कधीतरी कोणाच्या तरी हातून पडला असेल. एचएएलने, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, तिथे साडेसहाशेवर मिग-२१ बांधली, आणि पुढे त्यांतल्याच बिस जातीच्या १२५ विमानांना नवं रडार, हेल्मेटवरची नेमसाधनं आणि नवी क्षेपणास्त्रं बसवून त्यांचं बायसन केलं. रडार बदललं, पण रॉड, त्यांची दिशा वळवणारे बेलक्रँक आणि नळ्यांचे मार्ग जुनेच राहिले.

रात्री दहाच्या सुमारास एका कॉर्पोरलने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. कंट्रोल तर फुल अँड फ्री होते! शेपटी जोडल्यावर कॉकपिटमधली काठी पूर्ण मागे, पूर्ण पुढे, दोन्ही बाजूंना नेऊन पाहिली होती आणि कुठे अडकली नव्हती. मग पाना आत असेलच कशावरून?

ही तपासणी खोटी नसते, पण ती उभ्या विमानावर होते. स्टॅबिलेटर हलवणारा बूस्टर दोन स्वतंत्र हायड्रॉलिक प्रणालींवर चालतो. एकीचा दाब गेला तरी दुसरी सांभाळते. काठीपासून बूस्टरपर्यंत जाणारी रॉडची माळ मात्र एकच आहे. आफ्टरबर्नर लावून बायसन धावू लागलं की आत सुटी असलेली प्रत्येक वस्तू मागे सरकते. नाक वर उचललं की आणखी मागे. आर-२५ला आफ्टरबर्नरचा दुसरा टप्पा आहे. कमी उंचीवर, तीन मिनिटांच्या मर्यादेत तो ९९०० किलोपर्यंत रेटा देतो, आणि विमान भरलेलं असलं तरी आठ-नऊ टनांचं. म्हणजे रेटा वजनाहून जास्त. हँगरमध्ये एखाद्या फ्रेमच्या कडेवर निवांत पडलेला पाना धावपट्टीच्या शेवटी रॉडच्या सांध्यात असू शकतो. तेव्हा पायलटला काठी अर्ध्यात अडलेली कळेल आणि जमीन शंभर मीटर खाली असेल.

वर्तमानपत्रं या विमानाला उडती शवपेटी म्हणत. मला तो शब्द आळशी वाटतो. एकच इंजिन, पक्ष्यांची धडक, तीनशे किलोमीटरच्या आसपासचा उतरण्याचा वेग, आणि २००८ मध्ये हॉक हे प्रशिक्षण विमान येईपर्यंत जेट प्रशिक्षणात राहिलेली मोठी फट, असं प्रत्येक अपघातामागे निराळं कारण सापडतं. त्या यादीत सुटं हत्यारही बसतं, आणि ते विमान जुनं होण्याची वाट पाहत नाही.

अकराला निर्णय झाला, शेपटी पुन्हा काढायची. सगळे थकलेले, म्हणून साहेबांनी टोळी बदलली. ज्याने बोल्ट आवळले त्याने ते सोडायचे नाहीत. हे शहाणपणाचं होतं, कारण आपण कुठे हात घातला होता ते माणसाला आठवतं आणि तो तेवढंच पाहतो. पुन्हा रॉड, नळ्या, प्लग, बोल्ट. या खेपेला प्रत्येक सुटलेली वस्तू नंबर लिहिलेल्या ट्रेमध्ये.

शेपटी हातभर मागे आल्यावर ट्रॉली थांबवली आणि दिवा आत घातला. डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, सांध्याच्या पुढच्या फ्रेमवर नळ्यांच्या जुडग्यामागे लाल तेलाने माखलेलं फडकं दिसलं. नळ्या जोडणाऱ्याचा हात जिथे पोचतो, नेमकी तीच जागा. एकाने ते उचललं आणि ते त्याच्या अपेक्षेपेक्षा जड लागलं. पाना त्यातच गुंडाळलेला होता.

पुढचा हिशेब सोपा होता. नळी जोडताना ठिबक पुसायला फडकं लागलं, पाना क्षणभर त्याच्यावर टेकवला, मग दोन्ही हात रॉडसाठी लागले. फडकं तेलाने जड होऊन पान्याभोवती बसलं. म्हणून विमान डोलवलं तरी खुळखुळ नाही. चुंबक तिथवर पोचलंच नाही, कारण नळ्यांचं जुडगं आड होतं. पॅनेलाच्या भोकातून पाहणाऱ्याला दिसली ती मळकी चिंधी, आणि चिंधी तर त्या हँगरमध्ये कुठेही असायची.

खरी गोम इथे होती. हत्यारं तीनदा मोजली, फडकी एकदाही नाही, कारण ती मोजण्याची पद्धतच नव्हती. स्टोअरमधून किलोवर येत आणि ज्याला हवी तेवढी तो फाडून घेई. तेलाने ओलं फडकं रॉडच्या सांध्यात गेलं तर पान्याइतकंच वाईट, आणि आफ्टरबर्नरच्या नळीजवळ राहिलं तर त्याहून वाईट.

पहाटे चारला शेपटी पुन्हा जोडली. नळ्यांचा दाब तपासला, सांध्यांवर टिपकागद फिरवून गळती पाहिली, कंट्रोल पुन्हा फुल अँड फ्री. ग्राउंड रन सकाळी झाला. विमान साखळ्यांनी बांधून आयडल, म्हणजे सर्वांत कमी वेगावर इंजिन, मग पूर्ण रेटा, मग आफ्टरबर्नर, आणि थांबवल्यावर परत पॅनेल उघडून गळती. दुपारी ते उडून आलं. पायलटने स्नॅगच्या, म्हणजे बिघाडांच्या, रकान्यात काहीही लिहिलं नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला गेला. १९६३ मध्ये या विमानाची पहिली स्क्वाड्रन तिथेच उभी राहिली होती. निरोपाच्या विमानांतलं आमचं कोणतं, ते शोधत बसलो नाही. त्या हँगरमध्ये मात्र त्या रात्रीनंतर फडकी एका मापाची कापून, कडेला नंबर शिवून, दहाच्या गठ्ठ्यात सहीवर मिळू लागली. तेलकट झालेलं परत दिल्याशिवाय नवं मिळत नसे, आणि पहिले काही दिवस त्यावरून स्टोअरवाल्याशी रोज भांडणं व्हायची.