अर्ध्या नॉटसाठी दोन तास

दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना बेट सोडलं आणि तिसऱ्या दिवशी वारा पडला. अगदी मेला नव्हता, गालाला लागत होता, पण शिडं एकदा फुगायची आणि पुढच्या लाटेला ओल्या चादरीसारखी लोंबायची. असेन्शन बेटापर्यंतचं अंतर साधारण तेराशे किलोमीटर, आणि आम्ही तीन नॉटने, म्हणजे तासाला तीन सागरी मैलांनी, चाललेलो. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. वारा पडला की त्यांच्याकडे एकच उपाय असायचा: नांगर टाका आणि विडी पेटवा. इथे बोसन, म्हणजे दोर-शिडांचा मुकादम, म्हणाला, "स्टन्सल काढू या."

जहाज डच, तीन डोलकाठ्यांचं. पैसे भरून गेलेले आमच्यासारखे हौशी लोकच तिथे दोर ओढतात. नेहमीच्या चौकोनी शिडांच्या बाजूला, यार्डच्या (शीड ज्याला बांधतात त्या आडव्या काठीच्या) टोकापलीकडे, हलक्या वाऱ्यात जी जादा शिडं लावतात ती स्टन्सल. इंग्रजीत लिहितात 'स्टडिंग सेल', पण बोलताना सगळे स्टन्सलच म्हणतात. शर्टाच्या बाहीला आणखी एक बाही जोडावी तसा हा प्रकार. आग्नेयेचा व्यापारी वारा मागून, किंचित उजवीकडून येत होता, म्हणून पुढच्या डोलकाठीला फक्त उजवीकडेच लावायचं ठरलं.

ऐकायला सोपं वाटलं. आधी गोदामातून शिडाची वळकटी वर आणली. मग दोघं खालच्या यार्डवर चढली. यार्डच्या टोकाला लोखंडी कडी असते, तिच्यातून बूम, म्हणजे एक लांब काठी, बाहेर सरकवायची आणि तिचं आतलं टोक यार्डला करकचून बांधायचं. कडीत ग्रीस फासलं होतं, तरी अर्ध्यावर बूम अडला. त्यापुढे तो वीत-वीत करूनच सरकला.

खाली डेकवर माझ्याकडे दोर होते. एक शीड वर चढवायचा, एक खालचा बाहेरचा कोपरा बूमच्या टोकाकडे ओढायचा, एक आतला कोपरा धरायचा आणि एक, सगळं बिघडलं तर, शीड खाली खेचायचा. चारही दोर एकाच रंगाचे. वरच्या यार्डच्या टोकाच्या कप्पीतून येणारा दोर खालच्या यार्डच्या पुढून उतरायला हवा होता. मी तो मागून आणला. कोणाच्याच लक्षात आलं नाही. आम्ही सहा जणांनी जोर लावला, वळकटी डौलात वर गेली आणि मोठ्या शिडाच्या मागे जाऊन अडकली.

बोसन ओरडला नाही. त्याने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "उतरवा." ओरडला असता तर बरं झालं असतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला वळकटी जागेवर पोचली. शीड गुंडाळून जुन्या, कच्च्या सुतळीने जागोजागी बांधलेलं असतं. वर जाईपर्यंत वाऱ्याने त्याच्याशी खेळू नये म्हणून. कोपऱ्यांचे दोर ताणले तशा सुतळ्या एकापाठोपाठ एक तटातट तुटल्या आणि पाण्याच्या वर, जिथे मघापर्यंत नुसतं आभाळ होतं, तिथे पांढरं कापड उघडलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी घड्याळ बघितलं. दोन तास पाच मिनिटं. वेग साडेतीन नॉट.

म्हणजे अर्ध्या नॉटसाठी एवढा खटाटोप! मी तसं बोलूनही दाखवलं. पण दिवसाला बारा सागरी मैल, बावीस किलोमीटर, असा हिशोब मांडला की चित्र बदलतं. 1866 साली चीनमधल्या फूचौहून चहा घेऊन निघालेली 'टेपिंग' आणि 'एरियल' ही जहाजं 99 दिवसांनी एकाच भरतीला लंडनच्या गोद्यांत शिरली, अवघ्या 28 मिनिटांच्या फरकाने. अशा शर्यतीत अर्धा नॉट म्हणजे चैन नव्हती. ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईतही, 21 ऑक्टोबर 1805 ला, वारा इतका मंद होता की ब्रिटिश आरमारप्रमुख नेल्सनची जहाजं स्टन्सल लावूनच शत्रूवर गेली. तोफा समोरून सुटताहेत आणि आपण माणसाच्या चालीने पुढे सरकतोय, हे त्या लोकांनी कसं सोसलं असेल कोण जाणे. पुढे 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला, चहा आगबोटींकडे गेला, शिडांच्या जहाजांवर माणसं कमी झाली आणि ही शिडंही गेली. आमची दमछाक बघता त्यात नवल नव्हतं.

रात्री दोनच्या सुमाराला हाक आली. मागे काळा ढग, आणि वारा एकदम गार. स्टन्सल वेळेत उतरवलं नाही तर बूम मोडतो. अंधारात मी खाली खेचायचा दोर धरला. आधी दोनदा बोटांनी चाचपला, तोच आहे ना म्हणून. "सोडा! ओढा!" शीड फडफडत आलं, निम्मं डेकवर, निम्मं समुद्रात. पाणी भरलेलं कापड आत घेताना आठ जणांच्या कोपरांची सालटी निघाली. ढग मात्र चार सरी टाकून डावीकडून निघून गेला.

सकाळी शीड सुकत घातलं होतं. नऊच्या सुमाराला वारा पुन्हा पडला. बोसन डेकवर येताना दिसला, तशी तो काही बोलायच्या आत मी तो दोर यार्डच्या पुढून उतरलाय का ते बघायला निघाले.